‘निधन’ फोल्डरची घंटी

माझ्या भाचीच्या मुलीला मी सांगितलं की मी आयुष्यभर एका दैनिकाच्या कचेरीत कॉम्प्युटर सांभाळला, तर ती म्हणते, "सांभाळला म्हणजे? बाळ होतं का ते?" होतंच की! उन्हाळ्यात तापायचं, पावसाळ्यात दमट हवेनं बिघडायचं आणि लाईट गेली की सगळं गिळून गप्प बसायचं. तिला वाटतं कॉम्प्युटर म्हणजे खिशातली वस्तू. आमचा कॉम्प्युटर एका अख्ख्या खोलीचा धनी होता. त्याला वातानुकूलन होतं आणि आम्हाला पंखासुद्धा नव्हता.

दैनिक सांगलीचं. नाव सांगत नाही, जुन्या वाचकांनी ओळखायचं तर ओळखावं. छापखाना सांगलीत आणि मी साताऱ्याच्या शाखा कचेरीत, पोवई नाक्यापासून हाकेच्या अंतरावर, एका दाताच्या दवाखान्याच्या डोक्यावर. खालून पेशंटचं ओरडणं आणि वरून आमच्या प्रिंटरचं किरकिरणं, दोन्ही ऐकून रस्त्यावरची माणसं वर बघायची. नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध म्हणा. तेव्हा पडद्यावर चित्रंबित्रं काही नव्हतं. काळा पडदा, हिरवी अक्षरं. माऊस नाही. जे हवं ते टाईप करून हुकूम सोडायचा आणि यंत्र ऐकायचं. हुकूम चुकला तरी ऐकायचं, हीच त्याची खोड.

बातम्या यायच्या कशा, तेही सांगते. पाटणचा वार्ताहर फोनवर सांगायचा, आम्ही उतरवून घ्यायचो. कराडला मोडेम होता, म्हणजे फोनच्या तारेतून अक्षरं पाठवायचं यंत्र. ते लागलं तर लागलं. मेढ्याचा वार्ताहर मात्र लय हुशार. तो फ्लॉपी एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा. एकदा कंडक्टरनं ती जेवणाच्या पिशवीत टाकली. आमच्या हातात आली तेव्हा मेढ्याचा आठवड्याचा पाऊस लसणाच्या चटणीत बुडाला होता. मी ती पुसून, वाळवून यंत्रात घातली आणि काय सांगू, उघडली! त्या दिवसापासून कचेरीत माझा भाव वाढला.

हे सगळं ज्या फोल्डरांत येऊन पडायचं ते चार होते. बातमी, जाहिरात, क्रीडा आणि निधन. पूर्वी मी दर थोड्या वेळानं उठून काळ्या पडद्यावर विचारायची, काही नवीन आलंय का? नसलं तर परत जागेवर. नवीन आलं की ते मोडेमवरून सांगलीला पाठवायचं. असं दिवसभर उठबस करून माझे गुडघे दुखायला लागले, तेव्हा मी कॉम्प्युटरसाठी एक लहानसा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, लिहिला. आठ-दहा ओळींचा असेल. काम अगदी सोपं होतं. दर मिनिटाला त्यानं फोल्डरात डोकावायचं, कुठल्या फाईली आहेत आणि कुठली शेवटची केव्हा बदलली हे बघायचं, आणि मिनिटापूर्वी बघितलेल्याशी ताडून पाहायचं. फरक दिसला नाही तर गप्प. फरक दिसला, म्हणजे नवी फाईल आली किंवा जुन्या फाईलची बदलल्याची वेळ पुढं सरकली, की 'टुण्' करून घंटी वाजवायची आणि ती फाईल सांगलीला रवाना करायची. आत काय लिहिलंय हे त्याला कळत नव्हतं. कळायची गरजही नव्हती. गोठ्यातली जनावरं मोजणाऱ्या माणसाला म्हशीच्या मनात काय चाललंय ते कुठं कळतं?

सांगलीतही तसंच. आलेली निधनाची फाईल थेट निधनाच्या जागेत बसायची, कारण साताऱ्यानं पाठवलं म्हणजे साताऱ्यानं खात्री केली, असं तिकडं धरलेलं. मुख्य कचेरीतून माणसं येऊन माझा कार्यक्रम उतरवून घेऊन गेली. मी मनातल्या मनात एवढी फुगले होते की घरी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

आता निधन. आमच्या भागात पेपर घेणारी माणसं आधी निधन वाचतात, मग पहिलं पान. आणि निधनातही शेवटची ओळ आधी. 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' ही ओळ म्हणजे साधी गोष्ट नाही. मेलेल्या माणसाची अखेरची नाती तिथं ठरतात. या ओळीवरून माणसं कचेरीत भांडायला यायची. एक बाई वाईहून आल्या होत्या. सासऱ्यांच्या निधनात 'सून' छापलं होतं, 'सुना' नव्हतं. "आम्ही दोघी आहोत, त्यातली कुठली मेली?" असं त्यांनी मला विचारलं. दुसरे एक गृहस्थ पतवंडे घातली नाहीत म्हणून आमच्या जिन्यात बसून राहिले. पतवंडे घालून खुलासा छापू म्हटल्यावरच उठले. हसू येतं, पण त्यांचं काही चुकत नव्हतं.

आमचे कार्यालयप्रमुख जोशी सर. छपाईचे शिशाचे खिळे हातानं जुळवायच्या काळापासून पत्रकारितेत मुरलेले, पांढरा सदरा, तपकीर. त्यांची एक पद्धत होती. जिल्ह्यातली जी मोठी, थकलेली माणसं आहेत त्यांचे मृत्युलेख आधीच लिहून तयार ठेवायचे. सगळीच वर्तमानपत्रं ठेवतात. "गेल्यावर धावपळ करून चुका होतात, जिवंतपणी शांतपणे लिहावं," असं सर म्हणायचे. हे तयार लेख निधनाच्याच फोल्डरात पडून होते. माझ्या कार्यक्रमाच्या लेखी त्या जुन्या, न बदललेल्या फाईली, म्हणून तो त्यांच्याकडे ढुंकून बघत नव्हता. ते वेगळ्या जागी ठेवावेत, हे तेव्हा सातारच्या, सांगलीच्या, कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

असाच एक तयार लेख होता सुभेदार रंगराव साळुंख्यांचा. पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या काठाचं त्यांचं गाव. पलटणीतून निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी गावात वाचनालय काढलं, तालमीला खोली बांधून दिली आणि निम्म्या खोऱ्यातली पोरं भरतीला धाडली. पाटणात त्यांना सगळे सुभेदार आण्णाच म्हणायचे. सातारला आले की कचेरीत डोकवायचे, सरांशी चहा प्यायचे. आपला मृत्युलेख तयार आहे हे त्यांना माहीत होतं. ते त्याला 'माझं डिस्चार्ज बुक' म्हणायचे, पलटणीतून सुटताना शिपायाला मिळतं तसं.

एका दुपारी ते आले आणि म्हणाले, "जोशी, माझ्या त्या लेखात एक दुरुस्ती हाय."

मधे नुसती प्लायवूडची भिंत. मी पलीकडे बसून सगळं ऐकत होते.

"माझ्या मागं कोनकोन हाय ते लिवलंय, त्यात माझा भाऊ न्हाई. त्याला घाला. शिवराम. पलूसला आसतो. धाकटे बंधू आसं घाला."

 त्या दोन भावांचं बोलणं नाही हे पाटण तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं. शिवराम, म्हणजे बापू, सासुरवाडीची जमीन कसायला पलूसला गेले त्याच्याही आधीची गोष्ट. आई वारली तेव्हा रंगराव पूर्वेच्या सीमेवर. तार गेली. इकडे धो धो पाऊस, कोयनेला पूर. बापूंनी रात्रभर वाट बघितली आणि सकाळी आईला अग्नी दिला. रंगराव पोचले तेव्हा राखही सावडून झाली होती. ते दारात उभे राहून एवढंच म्हणाले, "एक दिस थांबला आसतास तर." एक दिवस थांबून काही झालं नसतं, त्यांना यायला चार दिवस लागले होते. हे त्यांनाही कळत होतं. पण तेच वाक्य दोघांच्या मधे येऊन बसलं ते बसलंच.

"आज एकदम कसं काय, आण्णा?" सरांनी विचारलं.

"गेल्या म्हैन्यात कराडच्या स्टँडवर दिसला मला. लांबनं. नातू हाताला धरून गाडीत चढवत हुता त्याला." आण्णांनी चहाची बशी खाली ठेवली. "म्हातारा झालाय वो माझा भाऊ."

"मग बोलला का नाहीत?"

"आवं, काय बोलायचं? गाडी सुटली." मग जरा वेळानं, "पेपरात त्याचं नाव येऊ द्या. मी गेल्यावर वाचंल. म्हंजे झालं."

सरांना एवढं भरून आलं की म्हणाले, हे मी स्वतः घालतो. सर टर्मिनलवर बसले, दोन बोटांनी. त्यांची एक सवय होती, आणि त्या काळात ती आम्हा सगळ्यांचीच होती: लाईट कधी जाईल नेम नाही, म्हणून ओळ लिहिली की लगेच जतन करायची. दोन शब्द लिही, जतन कर. 'धाकटे बंधू', जतन. 'शिवराम', जतन. 'पलूस', जतन. एकदा स्वल्पविराम राहिला म्हणून परत उघडून जतन.

मी भिंतीपलीकडे टुण् ऐकत होते. टुण्. जरा वेळानं टुण्. पुन्हा टुण्. दिवसभर ती घंटी वाजतच असायची, जाहिरातीची वेळ होती, कुणी मान वर करून बघत नव्हतं.

सांगलीच्या उपसंपादकानं काय बघितलं, तर साताऱ्याहून एकाच माणसाच्या निधनाची फाईल लागोपाठ चार वेळा आलीय. तो म्हणाला, ही माणसं घायकुतीला आलेली दिसतात, बातमी मोठी असणार. लेखात वयाची जागा रिकामी होती, ती त्यानं अंदाजानं भरली, फोटो शोधला आणि पहिल्या पानावर चौकटीत टाकलं.

सकाळी कचेरीचा फोन वाजला. मी उचलला.

"हॅलो. सुभेदार रंगराव साळुंखे बोलतोय."

माझ्या हातात तोच पेपर होता. मला बोलवेना.

"मेल्याला एवढा येळ बोलता येत न्हाई, लवकर बोल पोरी. जोशी हाय का? आन वय तीन वर्सांनी वाढवून छापलंय, ते कुनी केलं?"

मी फोन सरांच्या हातात दिला. मग आम्ही दोघं भाड्याची जीप करून पाटणला निघालो. माफी समोरासमोर मागायची, असं सरांचं म्हणणं. जाताना मी मनात कार्यक्रमाच्या ओळी आठवत होते. त्यानं सांगितलेलंच केलं होतं. एकही ओळ चुकीची नव्हती, हेच मला सहन होत नव्हतं.

गावात जत्रेसारखी माणसं. शाळा सोडून दिलेली, तालमीची पोरं हार घेऊन आलेली. आण्णा ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले, हातात चहाची बशी, आणि जो येईल त्याला म्हणत होते, "या, बसा, अजून हाय मी." लोक हसून हसून लोळत होते. एक म्हातारा त्यांना चिमटा काढून बघून गेला. सरांनी हात जोडले, तर आण्णांनी त्यांनाही बशी दिली. सगळं निभावलं असं मला वाटलं, पहिल्यांदाच श्वास सोडला.

तेवढ्यात गावाच्या वेशीवरून बाईच्या रडण्याचा आवाज आला. आमच्याकडे माहेर-सासरचं कुणी गेलं की बायका वेशीपासूनच हेल काढत येतात. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. एक टेम्पो वेशीवर थांबला होता. त्यातून उतरून चालत आले ते बापू. बोडकं डोकं, खांद्यावर पंचा, नातवाचा हात धरलेला. मागं त्यांची बायको रडत येत होती, 'माझ्या थोरल्या दिरा' म्हणत. पलूसहून एवढं लांब, पेपर वाचल्या वाचल्या निघाले असणार.

ओट्यासमोर येऊन बापूंनी वर बघितलं. भाऊ चहा पीत होता.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मग सगळा जमाव. बापूंच्या बायकोचा हेल अर्ध्यात तुटला, तोंडाला पदर लावून ती तशीच उभी राहिली.

आण्णांचा चेहरा मी बघत होते. एक क्षण तो असा काही फुलला, की आता हा माणूस खुर्चीवरून उठून धावणार. पण सगळं गाव बघत होतं, आणि आयुष्यभर ज्यानं पलटणीसमोर आवाज चढवला त्याला गावासमोर रडता येईना. ते थट्टेत बोलून गेले, "या बापू. ह्या टायमाला लवकर आलासा. जरा घाईच केली, न्हवं का?"

गाव पुन्हा हसलं. थट्टाच होती हो ती, माझी खात्री आहे. पण बापूंचा चेहरा उतरला. घाई. आईच्या वेळची घाई. त्यांनी पंचा खांद्यावरून काढला, झटकला, डोक्याला बांधला.

"जित्ता हाईस, बरं झालं," असं म्हणाले आणि वळले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. आण्णा "आरं बापू, आरं थांब की" म्हणत ओट्यावरून उतरेपर्यंत टेम्पो वळलेला होता.

त्याच दिवशी संध्याकाळी सांगलीहून हुकूम आला. निधनाचं फोल्डर घंटीतून काढा. यापुढे निधन आपोआप येता कामा नये. वार्ताहराची लेखी चिठ्ठी, त्यावर गावच्या सरपंचाची सही, ती टपालानं वा माणसाकरवी सांगलीला, तिथल्या संपादकांची मंजुरी, मगच छापायचं. मी त्या आठ-दहा ओळींतला एक शब्द खोडला, बाकी तीन फोल्डर तसेच ठेवले. माझ्या हातानं खोडला याचं काही वाटलं नाही तेव्हा. उलट सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आण्णा कचेरीत हजर. सर सांगलीला खुलासा लिहायला आणि बोलणी खायला गेले होते. आण्णा माझ्याजवळच बसले. एका रात्रीत वाळल्यासारखे दिसत होते.

"पोरी, माझी ती फाईल काढ. त्यात आनखी एक ओळ घालायची हाय."

मी काढली.

"लिव. 'त्यांचे धाकटे बंधू शिवराम आल्याशिवाय त्यांना उचलू नये, कितीही दिस लागले तरी वाट बघावी, आसं ते सांगून गेले.' घातलंस?"

मी शब्द न् शब्द टाईप केला. जतन केलं. आण्णांनी कान टवकारले.

"घंटी न्हाई वाजली?"

"बंद केलीय आण्णा, कालच. आता परत तसं होणार नाही."

"बरं झालं," ते म्हणाले.

"आण्णा, पण हे घरी तरी सांगा. नाहीतर मी पलूसला निरोप धाडू का?"

"न्हाई न्हाई. घरी कळलं की पोरं आजच त्याला बोलवाय जातील. आन मग म्या त्याच्याम्होरं काय तोंड घेऊन उभं ऱ्हायाचं? मेल्यावर कसं, मानूस हात जोडून पडलेलाच आसतो." मग त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला, जिवंतपणी कुणाला सांगायचं नाही. मी दिला. म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणवत नाही.

सर परत आल्यावर मी त्यांना ती ओळ दाखवली. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि फाईल बंद केली. त्यानंतर ते टर्मिनलवर कधी बसले नाहीत.

आण्णा गेले ते पुढच्या पावसाळ्यात. पाटणच्या वार्ताहराचा फोन आला, दुपारची वेळ, आवाज तुटक. मी सरांकडे धावले. "सर, ती ओळ! वाट बघायला सांगा!" सरांनी लगेच फोन फिरवला, पण तोवर पाटणच्या वरच्या सगळ्या लाईनी बंद पडल्या होत्या. पलूसला बापूंच्या घरी फोन नव्हता. आम्ही पाटणच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे आण्णांच्या घरी द्यायची चिठ्ठी दिली. पुढं दरड कोसळली होती, गाडी अर्ध्यातून परत आली. सांगलीला फोन करून सर अक्षरशः हातापाया पडले, उद्याच्या अंकात घ्या म्हणून. तिकडून एकच उत्तर, सरपंचांची सही? मागच्या वेळचं विसरलात का?

सही आली ती पाऊस उघडल्यावर. बातमी तिसऱ्या दिवशी छापली. आणि छापताना उपसंपादकानं, बरोबरच होतं त्याचं, 'वाट बघावी' ही ओळ काढून टाकली. अंत्यसंस्कार होऊन गेले होते, आता वाट कसली?

पुढचं मला कळलं ते बापूंच्याच तोंडून. दहाव्यानंतर ते एकटेच कचेरीत आले. जिना चढून दम लागला होता. मी पाणी दिलं, या वेळी प्यायले.

"तू त्या दिशी गावात आलेली पोरगी न्हवं?" ते म्हणाले. "मला येक सांग. आण्णा जित्ता व्हता तवा येका रातीत पेपरात आला. खरंच गेला तवा तीन दिस का?"

मग त्यांनी सांगितलं. आण्णांच्या मुलानं माणूस धाडला होता, दरडीला वळसा घालून, पलूसपर्यंत. बापूंनी त्याला विचारलं, पेपरात आलंय का? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग गप बस, येकदा फशिवलंसा तेवढं पुरं. सकाळी पेपर बघितला, नव्हतं. दुसऱ्या सकाळी बघितला, नव्हतं. "म्हनलं, बघ, गंमत करत्यात. घरात सगळ्यास्नी हसून सांगत व्हतो म्या." तिसऱ्या सकाळी पेपर आला तेव्हा ते गोठ्यात होते. पोचले तेव्हा राख सावडून झाली होती.

मी त्यांना सगळं सांगितलं. फोल्डर म्हणजे काय, घंटी कशी वाजायची, पहिल्यांदा कशी वाजली. त्यांना किती कळलं कोण जाणे, पण ते एकटक ऐकत होते. मग म्हटलं, आता शब्दाचं बंधन नाही, आण्णा नाहीत. मी ती फाईल उघडली. त्यांना पडद्यावरची अक्षरं दिसेनात, म्हणून वाचून दाखवली. 'धाकटे बंधू शिवराम आल्याशिवाय त्यांना उचलू नये.'

"परत वाच," ते म्हणाले. मी परत वाचलं.

"हे कवा सांगितलं त्यानं?"

"तुम्ही वेशीवरनं परत गेलात ना बापू, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं.  "आन ती घंटी? फाईल बदलली की वाजती म्हनालीस न्हवं? त्या दिशी का न्हाई वाजली?"

"आदल्या दिवशीच बंद केली होती."

वाजली असती तर काय झालं असतं? पुन्हा खोटी बातमी, पुन्हा बोभाटा, कदाचित आमच्या दोघांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. हे मी त्यांना सांगू शकले असते. पण मग निदान ती ओळ त्यांच्या डोळ्यांखालून गेली असती. भाऊ असताना.

मी प्रिंटरवर ते पान काढून दिलं. त्यांनी घडी घालून टोपीत ठेवलं, टोपी डोक्यावर नीट बसवली आणि उठले. जिन्याच्या तोंडाशी जाऊन वळले. रागानं नाही, अगदी हळू बोलले.

"येक दिस थांबली आसतीस, पोरी," म्हणाले.